गुंगीविना कोलोनोस्कोपी: एक तपासणी, दोन निर्णय

१९ नोव्हेंबर २०२१ च्या सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी अमेरिकेचे अध्यक्ष जो बायडन यांनी आपले अधिकार उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्याकडे सोपवले आणि ८५ मिनिटांनी परत घेतले. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे अधिकार एका स्त्रीच्या हाती पहिल्यांदा आले ते या ८५ मिनिटांत. निमित्त होते अध्यक्षांच्या कोलोनोस्कोपीचे. त्याआधी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनीही २००२ आणि २००७ साली याच तपासणीसाठी उपाध्यक्ष डिक चेनी यांच्यावर कारभार सोपवला होता.

खरे तर मोठ्या आतड्यात दुर्बीण घातल्याने कोणाची विचारशक्ती जात नाही. अधिकार सोडावे लागले ते गुंगीच्या औषधापायी. हीच तपासणी नॉर्वेत असंख्य लोक पूर्ण जागेपणी करून घेतात. डॉक्टरांशी बोलतात, समोरच्या पडद्यावर स्वतःचे आतडे पाहतात, कपडे घालतात आणि आपापल्या घरी जातात.

तपासणी करायची का, हा एक निर्णय. ती गुंगीत करायची की जागेपणी, हा दुसरा. आपल्याकडे हे दोन्ही एकमेकांत गुंततात. कोणी भुलीच्या भीतीने तपासणीच टाळतो, तर कोणी ‘झोपेत करतात, काही कळत नाही’ एवढ्या भरवशावर ती गरज नसतानाही करून घेतो. या प्रकरणात दोन्ही निर्णय सुटे करून पाहू.

दुर्बीण पोटात कशी पोहोचली

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे. पोटाच्या उजवीकडे खाली, आंत्रपुच्छापाशी ते सुरू होते, यकृताखाली वळते, पोटावरून आडवे जाते, प्लीहेपाशी पुन्हा वळून डावीकडून खाली उतरते आणि नागमोडी वळण घेऊन गुदाशयाला मिळते. अशा वळणावळणाच्या मार्गातून सरळ, कडक नळी जाणार नाही हे उघड आहे. वाकणाऱ्या नळीतून प्रकाश आणि चित्र नेता आले तरच आत डोकावता येणार होते.

ही वाट मोकळी करणाऱ्यांत एक भारतीय होता. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत काम करून, काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून वाकड्या वाटेनेही चित्र नेता येते हे १९५४ साली दाखवले. १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी या तत्त्वावर जठराची लवचीक दुर्बीण बनवली आणि रुग्णाआधी ती स्वतः गिळून पाहिली. पुढे १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी कोलोनोस्कोपमधूनच तारेचा फास टाकून आतड्यातला पॉलिप काढला. तोवर अशा पॉलिपसाठी पोट फाडावे लागे.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेली गाठ. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. मात्र काहींचे रूपांतर कॅन्सरमध्ये होते आणि त्याला साधारण दहा वर्षे लागतात. कोलोनोस्कोपीचे सगळे महत्त्व या दहा वर्षांत आहे. कॅन्सर व्हायच्या आधीच त्याचे मूळ दिसू शकते आणि दिसल्या दिसल्या त्याच बैठकीत काढूनही टाकता येते. बायडन यांच्या तपासणीत असाच ३ मिलिमीटरचा पॉलिप सापडला आणि तिथेच काढला गेला.

पहिला निर्णय: तक्रार असेल तर

तपासणीचा सल्ला मिळालेल्या माणसाने स्वतःला आधी एकच प्रश्न विचारावा: मला काही तक्रार आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढची बरीच चर्चा संपते.

शौचातून रक्त जाणे, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असणे, कारण नसताना वजन उतरणे, सतत पोट दुखणे, शौचाला जाऊन आल्यावरही पोट साफ झाले नाही असे वाटत राहणे या ढोबळ खुणा. एक खूण मात्र सहज निसटते. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाच्या किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीच्या रक्तात लोह कमी आढळले, की लोहाच्या गोळ्या सुरू होतात. हिमोग्लोबिन थोडे वर येते आणि विषय मिटतो. वास्तविक आतड्याच्या उजव्या भागातली गाठ डोळ्यांना दिसणार नाही असे थेंब थेंब रक्त महिनोन्महिने गाळू शकते. या वयात लोह का कमी झाले, याचा शोध घेतल्याशिवाय नुसत्या गोळ्या घेत राहणे धोक्याचे.

दुसरी अडचण आपल्या खास ओळखीची. रक्त दिसले की घरातले म्हणतात, ‘मूळव्याध असेल, तिखट कमी कर.’ मग मलम, चूर्ण, एस.टी. स्टँडजवळच्या ‘मूळव्याध-भगंदर’ पाटीचा दवाखाना, असा प्रवास होतो. बहुतेकांना खरोखर मूळव्याधच असते, म्हणून तर ही समजूत टिकून आहे. पण मूळव्याध असलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही, असा काही नियम नाही. रक्त शौचात मिसळलेले असेल, काळपट असेल किंवा सोबत वर सांगितलेली दुसरी एखादी खूण असेल, तर निदान दुर्बिणीनेच पक्के करावे. भारतात हा कॅन्सर चाळिशीच्या आतही आढळतो, त्यामुळे ‘अजून वय कुठे झालंय’ हे कारणही पुरेसे नाही.

तक्रार नसेल तर

काहीही त्रास नसलेल्या माणसाचा हिशेब निराळा. अमेरिकेत सरसकट चाचणी सुरू करण्याचे वय २०२१ मध्ये पन्नासवरून पंचेचाळीसवर आणले गेले. तो सल्ला जसाच्या तसा उचलण्याआधी दोन देशांतला फरक पाहायला हवा. भारतात दरवर्षी मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे साठ-सत्तर हजार नवे रुग्ण आढळतात. अमेरिकेची लोकसंख्या आपल्या चौथाईहून कमी, तरी तिथला आकडा दीड लाखाच्या घरात जातो. म्हणूनच आपल्या सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही.

फायदा किती, याचे सर्वांत नेमके उत्तर २०२२ मध्ये आलेल्या ‘नॉर्डिक’ चाचणीने दिले. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधील ५५ ते ६४ वयाच्या ८४,५८५ लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटाला कोलोनोस्कोपीचे निमंत्रण गेले, दुसऱ्याला नाही. दहा वर्षांनी पाहिले, तर निमंत्रण न मिळालेल्यांत दर हजारी १२ जणांना हा कॅन्सर झाला होता, निमंत्रण मिळालेल्यांत १० जणांना. फरक लहान दिसतो, कारण निमंत्रितांपैकी प्रत्यक्षात आले ४२ टक्केच. सगळे आले असते तर काय झाले असते, याचा संशोधकांनी मांडलेला हिशेब हजारी १२ वरून ८ वर येतो.

धोक्याची बाजूही तिथेच दिसते. तपासणी झालेल्या ११,८४३ लोकांपैकी १५ जणांना मोठा रक्तस्राव झाला. आतड्याला छिद्र एकालाही पडले नाही आणि तपासणीनंतरच्या महिन्याभरात तिच्यामुळे कोणी दगावले नाही. इतर ठिकाणच्या मोठ्या नोंदींत छिद्राचे प्रमाण दहा हजार तपासण्यांमागे तीनच्या आसपास आहे. पॉलिप काढावा लागला किंवा वय जास्त असेल, तर धोका वाढतो.

तक्रार नसलेल्यांसाठी सौम्य पर्यायही आहे: शौचातले डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी. घरी डबीत थोडा नमुना घ्यायचा आणि प्रयोगशाळेत द्यायचा. पथ्य नाही, जुलाब नाहीत. अट एवढीच की ती वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करायची. स्पेनमध्ये ५७ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. दोन वर्षांतून एकदा फिट आणि एकदाच कोलोनोस्कोपी या दोन गटांत, आतड्याच्या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत दहा वर्षांनी म्हणण्याजोगा फरक नव्हता. म्हणजे तक्रार आणि घराण्याचा इतिहास दोन्ही नसेल, तर थेट दुर्बिणीकडे जाण्याची सक्ती नाही. मात्र फिटमध्ये रक्त सापडले की कोलोनोस्कोपी करायलाच हवी. पुन्हा एकदा फिट करून ‘निगेटिव्ह येते का बघू’ ही पळवाट महागात पडते.

घराण्याचा इतिहास असेल तर नियम बदलतो. आई-वडील, सख्खे भाऊ-बहीण किंवा मुले यांपैकी कोणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांतले जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करावी. वडिलांना सत्तेचाळिसाव्या वर्षी झाला, तर मुलाने सदतिसाव्या वर्षी. इथे मात्र घरातले अबोलपण आडवे येते. आजोबा ‘पोटाच्या दुखण्याने गेले’ एवढेच आपल्याला माहीत असते. आत्या, मावशी, काका यांच्यापैकी कोणाला तरी खरे कारण ठाऊक असते. ते हयात आहेत तोवर विचारून घ्यावे.

आणि वय? पंच्याहत्तरीनंतर, तक्रार नसताना, फायदा झपाट्याने कमी होतो, कारण तो मिळायलाच दहा वर्षे लागतात. ऐंशीच्या वडिलांना ‘एकदा सगळं चेक करून टाकू’ म्हणून हेल्थ पॅकेजमध्ये कोलोनोस्कोपीला नेणे हे प्रेमापोटी होत असले, तरी शहाणपणाचे नव्हे.

आदला दिवस: खरी कसोटी

ज्यांनी ही तपासणी केली आहे त्यांना विचारा. बहुतेक जण सांगतील, दुर्बिणीपेक्षा आदल्या रात्रीची पावडर जास्त त्रासाची. गुंगी घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची ही वाट एकच आहे.

दोन-तीन दिवस आधीपासून बिया, साली आणि चोथा बंद. म्हणजे भाकरी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, पेरू, डाळिंब, अंजीर, तीळ नाहीत. मऊ पांढरा भात, मुगाचे गाळलेले वरण, इडली, दही चालते. इसबगोलही थांबवावे. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील तसे निवळ पातळ पदार्थ: शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबूपाणी, वरणाचे वरचे पाणी, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत, बीट असे लाल पदार्थ टाळायचे, कारण आत त्यांचा रंग रक्ताचा भास करून देतो.

मग पावडरचे द्रावण, दोन ते चार लिटर. ते सगळे एका रात्रीत संपवण्यापेक्षा निम्मे संध्याकाळी आणि निम्मे तपासणीच्या चार-सहा तास आधी घेतले तर आतडे जास्त स्वच्छ होते. गार करून, नळीने, मधूनमधून लिंबाची फोड चोखत घेतले की चव सुसह्य होते. शेवटी जुलाब फिकट पिवळ्या पाण्यासारखे, तळ दिसेल इतके निवळ व्हायला हवेत. तसे झाले नाहीत तर फोन करून सांगावे. मळलेल्या आतड्यात लहान पॉलिप दिसत नाहीत आणि सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

औषधांबाबत स्वतःच्या मनाने काही करू नये. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात, कारण त्यांनी आतडे काळे होते. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी तसेच चालू ठेवले तर साखर धोकादायक उतरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या किंवा थांबवायच्याच नाहीत, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये. मूत्रपिंडाचा विकार असेल तर तो आधीच सांगावा, म्हणजे योग्य पावडर निवडता येते.

दुखते कुठे आणि का

दुसऱ्या निर्णयाकडे वळण्याआधी दुखण्याचे मूळ समजून घ्यायला हवे. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याचे किंवा टोचल्याचे दुखणे कळत नाही. पॉलिप काढताना, बायॉप्सीचा तुकडा घेताना जागा असलेल्या माणसालाही काही जाणवत नाही. अपवाद गुदद्वाराला लागून असलेल्या शेवटच्या पट्टीचा. आतड्याला कळतो तो ताण.

ताण दोन कारणांनी येतो. एक, आत जायची वाट उघडावी म्हणून सोडलेली हवा. दुसरे आणि मोठे कारण म्हणजे नळीला पडणारा वेढा. गुदाशयाच्या वरचे नागमोडी वळण पोटात मोकळे लोंबत असते. नळी पुढे ढकलली की ती सरळ जाण्याऐवजी तिथेच कमान करते, आतडे आणि त्याला धरून ठेवणारा पडदा ताणला जातो, आणि पोटात जोराची कळ येते. कसबी डॉक्टर अशा वेळी ढकलत नाहीत. पायजम्यात नाडी ओवताना आपण कापड चुण्या घालत नाडीवर गोळा करतो, तसे ते नळी थोडी मागे घेऊन, फिरवून आतडे नळीवर ओढून घेतात. वेढा सुटतो, कळ थांबते.

म्हणून दुखणे सगळा वेळ सारखे नसते. सुरुवातीला जोराची संडास लागल्यासारखे वाटते. नागमोडी वळणात एक-दोन कळा येतात, वरच्या दोन वळणांवर पुन्हा एखादी. नळी आंत्रपुच्छाच्या मुखापाशी पोहोचली की कठीण भाग संपला. खरी पाहणी नळी मागे घेताना होते. तिला किमान सहा मिनिटे, आताच्या शिफारशीनुसार आठ मिनिटे द्यावीत असा दंडक आहे, आणि या काळात सहसा दुखत नाही.

दुखणे सर्वांना सारखेही नसते. सडपातळ स्त्रिया, गर्भाशय काढलेल्या किंवा ओटीपोटाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया यांना अधिक त्रास होतो, कारण तिथली वळणे तीव्र किंवा चिकटलेली असतात. उतारवयाच्या पुरुषांना तुलनेने कमी.

गुंगीचे पर्याय

‘भूल’ म्हणून जे सांगितले जाते त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली हलकी गुंगी: मिडॅझोलॅम आणि सोबत फेंटॅनिलसारखे वेदनाशामक शिरेतून. माणूस पेंगतो, हाक मारली तर ओ देतो, नंतर बरेचसे आठवत नाही. दुसरी गाढ गुंगी: प्रोपोफॉल, जे भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली देतात. माणूस झोपतो आणि संपल्यावर ‘झालं?’ विचारतो. अमेरिकेत ही पद्धत सर्रास चालते, आपल्या मोठ्या खासगी रुग्णालयांतही तीच सुचवली जाते. तिसरी गोष्ट ब्रिटनमध्ये रुळलेली: नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे निम्मे-निम्मे मिश्रण, जे रुग्ण कळ आली की स्वतः ओढतो. त्याचा असर काही मिनिटांत ओसरतो.

गुंगीचे फायदे खरे आहेत आणि ती घेण्यात कमीपणा नाही. तिची किंमतही खरी आहे. श्वास मंदावू शकतो, ऑक्सिजन उतरू शकतो, म्हणून सतत पहारा लागतो. घोरण्याचा गंभीर विकार, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांत हा धोका जास्त. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही, सोबतीला कोणीतरी हवे. मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आणि आपण गावी एकटे, अशा माणसाला ही शेवटची अट सगळ्यांत जड जाते. खर्च वाढतो तो निराळाच.

गुंगीविना तपासणी शक्य आहे का, याचे एक उत्तर टंचाईतून मिळाले. लॉस एंजेलिसमधल्या सेपुल्वेदा येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात परिचारिकांच्या तुटवड्यामुळे गुंगी देणे थांबले. तिथल्या फेलिक्स लेउंग या डॉक्टरांनी जागेपणीच तपासणी सुरू ठेवली आणि त्रास कमी करायचे उपाय शोधले. त्यातला मुख्य उपाय म्हणजे आत जाताना हवेऐवजी कोमट पाणी सोडायचे आणि मळलेले पाणी ओढून घेत पुढे सरकायचे. पाण्याने आतडे फुगत नाही, नागमोडी वळण खाली बसते, वेढा कमी पडतो. पाण्याने दुखणे कमी होते हे नंतर अनेक चाचण्यांत दिसून आले. दुसरी सुधारणा कार्बन डायऑक्साइडची. साधी हवा तासन्‌तास पोटात राहून कळा देते. कार्बन डायऑक्साइड आतडे चटकन शोषून घेते आणि तो श्वासावाटे निघून जातो.

जागेपणी करायचे ठरवले तर

पहिली गोष्ट: डॉक्टर निवडताना विचारा. तुम्ही गुंगीविना तपासणी नेहमी करता का? पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड वापरता का? आंत्रपुच्छाच्या मुखापर्यंत किती टक्के वेळा पोहोचता? चांगल्या डॉक्टरांचे उत्तर ९० ते ९५ टक्क्यांच्या वर असते आणि या प्रश्नांचा त्यांना राग येत नाही. महिन्यातून एखादी तपासणी जागेपणी करणाऱ्याकडे हट्टाने जाऊ नये.

दुसरी: परतीचा रस्ता मोकळा ठेवा. हातात आधीच सुई लावून ठेवायची, औषध भरून ठेवायचे, आणि सोसेनासे झाले तर मागायचे. ‘लागली तर गुंगी’ ही व्यवस्था बहुतेकांना सर्वांत सोयीची ठरते. निव्वळ औषध हाताशी आहे या विश्वासानेच पुष्कळांना ते लागत नाही. मात्र त्यासाठी उपवासाचे नियम पाळलेले असावेत आणि सोबत कोणीतरी असावे.

तिसरी: थांबण्याची खूण ठरवा. हात वर केला की नळी थांबेल, हे आधीच बोलून घ्यावे. कळ आली की दात आवळून गप्प राहू नका, ‘दुखतंय’ म्हणून सांगा. ते वाक्य डॉक्टरांसाठी उपयोगी माहिती आहे: वेढा पडलाय, मागे घ्यायला हवे. गुंगीतला रुग्ण ही सूचना देऊ शकत नाही. नर्स पोटावर हात दाबतील, कुशीवरून उताणे व्हायला सांगतील. जागा माणूस हे पटकन करतो, हा जागेपणाचा मोठाच फायदा.

चौथी: श्वास रोखू नका. रोखला की पोट आवळते आणि कळ वाढते. नाकाने सावकाश आत, तोंडाने त्याहून सावकाश बाहेर. पोट सैल सोडायचे. वारा सुटेल असे वाटले तर सुटू द्या. आतली हवा बाहेर पडण्यासाठीच आहे, तिथल्या कोणाला त्यात नवल नसते. आवडीचे संगीत कानात असेल तर भीती थोडी उतरते. ज्यांना किळस वाटत नाही त्यांनी पडदा पाहावा.

पाचवी गोष्ट संकोचाची. खाली मागून उघडी असलेली खास पँट मिळते, अंगावर चादर असते. स्त्री डॉक्टर किंवा निदान स्त्री नर्स हवी, असे सांगण्याचा प्रत्येक स्त्रीला हक्क आहे. पूर्वी कोणी अंगाशी झोंबल्याचा, अत्याचाराचा अनुभव असेल, तर कारण न सांगताही ‘मला याची फार भीती वाटते’ एवढे आधी सांगावे. अशा वेळी गुंगी घेणेच बरे असू शकते.

आठवणीतले दुखणे

जागेपणीच्या कोलोनोस्कोपीने मानसशास्त्रालाही एक धडा दिला आहे. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल काह्नेमान आणि टोरोंटोचे डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर यांनी १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १५४ रुग्णांनी कोलोनोस्कोपी चालू असताना दर मिनिटाला आपले दुखणे आकड्यात नोंदवले आणि नंतर एकंदर अनुभव कसा होता ते सांगितले. कोणाची तपासणी चार मिनिटांत संपली, कोणाची एक तासाहून जास्त चालली. पण नंतरच्या मतावर या वेळेचा जवळजवळ परिणाम नव्हता. माणसांच्या लक्षात राहिली ती सर्वांत तीव्र कळ आणि शेवटचे काही क्षण.

२००३ मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. ६८२ रुग्णांपैकी निम्म्यांच्या तपासणीच्या शेवटी नळीचे टोक तीन मिनिटांपर्यंत न हलवता तसेच आत ठेवले. म्हणजे त्रास थोडा वाढवलाच, पण शेवट सौम्य केला. या लोकांनी एकंदर अनुभव कमी वाईट म्हणून सांगितला आणि पुढच्या तपासणीला येण्याचे प्रमाणही त्यांच्यात किंचित जास्त निघाले.

यातून घेण्यासारखे धडे दोन. शेजारच्या काकांनी सांगितलेली ‘जीव गेला माझा’ ही कथा खरी असली, तरी ती बहुधा त्यांच्या एका सर्वांत वाईट मिनिटाची असते. आणि शेवटी घाई न करता नळी हळूच बाहेर काढा, ही विनंती डॉक्टरांना करण्यात काही गैर नाही.

कोणी हट्ट करू नये

आधीची कोलोनोस्कोपी असह्य झाली असेल, मनात पराकोटीची भीती असेल, आतड्याला तीव्र सूज असेल, ओटीपोटात मोठी शस्त्रक्रिया किंवा एंडोमेट्रिओसिस झालेला असेल, किंवा मोठा पॉलिप काढायचे आधीच ठरले असेल तर गुंगी घ्यावी. मोठ्या पॉलिपच्या कामात रुग्ण निश्चल असावा लागतो. लहान मुलांच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. सुरुवात जागेपणी करून मध्येच गुंगी मागितली, तर त्यात हार नाही. आतडे पूर्ण पाहिले गेले की नाही, एवढेच महत्त्वाचे.

तपासणी झाल्यावर थोडे फुगल्यासारखे वाटते. चालल्याने, वारा सरल्याने ते जाते. पोट कडक होऊन दुखणे वाढत गेले, ताप आला किंवा गुठळ्यांसह रक्त गेले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पॉलिप काढला असेल तर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही होऊ शकतो, म्हणून त्या काळात लांबचा प्रवास टाळलेला बरा.

शेवटी हिशेब सरळ आहे. तक्रार असेल, फिटमध्ये रक्त सापडले असेल किंवा घराण्यात हा कॅन्सर असेल, तर तपासणी करा. यातले काही नसेल आणि वय पंचेचाळीस ते पंच्याहत्तर असेल, तर फिट की दुर्बीण, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. गुंगीचा प्रश्न त्यानंतरचा, आणि तो तुमच्या सोयीचा आहे: हवी असेल तर मागा, नको असेल तर तसे सांगा. पण आज शौचात रक्त दिसत असेल, तर मलमाची पुढची ट्यूब आणण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या.